सगुणाचं सिंगापूर

१

सगुणाचा पासपोर्ट घरातून नाहीसा झाला तेव्हा तिच्या विमानाला आठवडासुद्धा उरला नव्हता.

चौकीत तिला सांगितलं, हरवला असं लिहून द्या आणि नवीन काढा, दोन-तीन महिन्यांत मिळेल. ती म्हणाली, हरवला नाही, चोरलाय. मग तिथल्या हवालदाराने विचारलं की बाई, तुम्ही सिंगापूरला कशाला चालला आहात. तिने खरं ते सांगितलं. ते ऐकून आतल्या खोलीतले दोघे तिला बघायला बाहेर आले.

तिथून ती थेट कल्याणला आमच्या घरी आली.

ही गोष्ट १९९३ सालची. मी तेव्हा ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते आणि सगुणा माझ्या हाताखाली ट्रंक बोर्डावर, बाहेरगावचे फोन जोडून द्यायला. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी, चौतिशीची, लग्न न झालेली. डोक्यावरचा पदर तिने कधी ढळू दिला नाही, ड्यूटीवर हेडफोनसुद्धा पदरावरूनच लावायची. चार वर्षांची असताना धक्क्यावरच्या बर्फ फोडायच्या यंत्रात तिचे केस अडकले आणि कातडीसकट निघाले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी तिला, असल्या व्रणावर केस धरत नाहीत, विग घाला, असं सांगून परत पाठवलं होतं. मग तिने एका मासिकात सिंगापूरच्या एका डॉक्टरविषयी वाचलं. तो मानेवरचे केस मुळासकट काढून डोक्यावर लावतो. तिने त्याला डोक्याचे फोटो पाठवले, त्याने या म्हणून कळवलं. ती जाते म्हणाली, आणि त्यानंतर तिने कुणाला विचारलं नाही.

माझे मिस्टर, चांगदेव, त्याच वर्षी पोलीस इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. ह्यांच्या डोक्यावर एक केस नाही. चाळिशीच्या आतच गेले आणि ह्यांनी त्याचं कधी मनाला लावून घेतलं नाही. सगुणाचं सगळं ऐकून घेतल्यावर हे स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मुळात एवढा खटाटोप कशाला, सगुणाबाई? माझ्याकडे बघा."

मला ते आवडलं नाही. पण सगुणा चिडली नाही.

"भाऊजी, तुमचं टक्कल बघून कुणी तुम्हाला नवरीपासून लांब बसवलंय?" ती म्हणाली. "माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला मला मागं बसवलं. अपशकून नको म्हणून. पण त्याच्यासाठी पण मी नाही जात. मला वेणी घालायचीय. माझ्या केसांची. बस्स."

आणि तिने पदर खाली टाकला.

इतक्या वर्षांत मीसुद्धा पहिल्यांदाच पाहत होते. डाव्या कानाच्या वरून टाळूपर्यंत आणि तिथून मागे सगळी कातडी गुळगुळीत, चकाकणारी. केस फक्त उजव्या बाजूला आणि मानेवर पट्टाभर. मागच्या बाजूला त्या व्रणाच्या दोन-तीन जिभा मानेकडे उतरलेल्या होत्या. हे उठले आणि तिच्या मागे जाऊन त्या जिभा जवळून बघू लागले.

मग समोर येऊन बसले आणि ह्यांचा आवाज बदललेला मला कळला. "पासपोर्ट कुठे ठेवला होता?"

आधी तो तिच्या पेटीत होता. पण घरी येणारा प्रत्येक जण दाखव बघू म्हणून हाताळायचा, म्हणून घरात कुणी नसताना तिने तो हॉलमधल्या देव्हाऱ्यात, एकविरेच्या तसबिरीमागे नेऊन ठेवला. पासपोर्ट आणि तिकीट एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. ही जागा तिने कुणालाच सांगितली नव्हती. आदल्या दिवशी पाहिलं तर पिशवी जागच्या जागी, तिकीट आत आणि पासपोर्ट नाही.

"घरच्यांना यातलं काय माहीत आहे?"

"पासपोर्ट गेला एवढंच."

"मग तेवढंच माहीत राहू दे," हे म्हणाले. "तसबिरीचं बोलू नका, तिकिटाचं तर मुळीच नको. ज्याने चोरलाय त्याला ह्या दोन गोष्टी ठाऊक आहेत. बाकी कुणाला नाहीत."

२

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कळव्याला गेलो. खाडीपासून थोडं आत, दोन खोल्या आणि पुढे ओटा असं त्यांचं घर. वडील वारलेले. घरात आई चंद्रभागा, थोरला भाऊ दामाजी, सगुणा, धाकटा भाऊ धाकू आणि त्याची बायको सरस्वती. बाहेरचं कुणी त्या आठवड्यात आत आलेलं नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणजे चोर घरातलाच.

पहिल्यांदा धाकू भेटला. वडिलांची होडी आता तो चालवायचा आणि मच्छीमार सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. त्याने आडपडदा ठेवला नाही. सहा महिने झाले, धक्क्यावर त्याला बघितलं की पोरं ओरडतात, काय रे, बहिणीचे केस विमानाने येणार की बोटीने? मतं मागायला जावं तिथे हाच विषय. ती गेली नाही तर मला बरंच वाटेल, म्हणाला, पण बहिणीच्या वस्तूला हात लावणारा मी नाही.

"तुमच्या थोरल्या भावाचं काय मत?" ह्यांनी विचारलं.

धाकू म्हणाला, विचारायला आम्ही बोललो तर पाहिजे. लहानपणापासून दोघांचं बोलणं नाही. बहिणीचे केस ज्याच्या हातून गेले त्याच्याशी काय बोलायचं. तेव्हा चौदा वर्षांचा दामाजी त्या बर्फाच्या यंत्रावर कामाला होता. त्याचं लक्ष नव्हतं आणि पट्ट्यात पोरीचे केस गेले. बापाने त्याला गुरासारखं मारलं आणि पुन्हा होडीवर पाय ठेवू दिला नाही. त्याचं लग्नही जमलं नाही. आता चव्वेचाळिशीला आलाय आणि लोकांची जाळी शिवून देतो.

सरस्वतीचे केस गुडघ्यापर्यंत होते. मी ते बघतेय हे तिने पाहिलं आणि ती ओशाळली. मला वाटलं होतं ही नणंदेवर जळत असेल, पण सगुणाला तिकडचं खाणं नको म्हणून तिने भाकऱ्या सुकवून बांधून ठेवल्या होत्या. नवऱ्याला हे आवडत नव्हतं, तरी बांधल्या होत्या. हे तिच्याशी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. पासपोर्ट आला तेव्हा घरात काय झालं, तिकीट आलं तेव्हा काय झालं. काही नाही, ती म्हणाली. आत्याबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, तर पेढे वाटले.

"आणि नंतर कधी भांडण, रुसवाफुगवी?"

भांडण नाही, ती म्हणाली. एकदा जेवताना फक्त आत्याबाई ताटावरून उठल्या. त्या दिवशी सिंगापूरच्या डॉक्टरांचा फोन झाला होता. फोटो बघून त्यांनी सगुणाला विचारलं होतं की ही जखम नक्की कशाने झाली, घरच्या मोठ्यांना नीट विचारून या. सगुणाने जेवताना ते विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, कितीदा तेच सांगायचं, आणि उठून गेल्या.

"तो विषय आमच्याकडं काढत नाहीत," सरस्वती हळू आवाजात म्हणाली. "मोठे दादा समोर जेवत असतात ना."

३

चंद्रभागाबाई मार्केटातून टोपली घेऊन आल्या. सत्तरीच्या जवळ, पण पाठ ताठ. सगुणा जाणार म्हटल्यावर वस्तीतल्या बायकांनी कुजबुज केली तेव्हा ह्याच बाईने भर मार्केटात कोयता आपटून सांगितलं होतं की माजी पोर जाईल, तुमच्या बापाचं काय जातंय? हे सगुणाने मला एक्स्चेंजमध्ये किती अभिमानाने सांगितलेलं. त्यामुळे त्यांच्यावर संशय घेणं मला पापासारखं वाटत होतं.

ह्यांनी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. देव्हारा फार स्वच्छ आहे, पूजा कोण करतं? त्या म्हणाल्या, आम्ही दोघी, सून आणि मी, जिला वेळ होईल ती. दुसरं, शाळेत किती शिकलात? त्या हसल्या. मासळी विकायला शाळा लागत नाय, म्हणाल्या.

मी सगुणासाठी थोडा वेळ ओट्यावर थांबले होते. तिथे दामाजी जाळं शिवत बसला होता. अंगाने मोठा, पण बसला असा की जागा कमी व्हावी. ह्यांच्या सगळ्या प्रश्नांना त्याने नाही आणि माहीत नाही एवढंच उत्तर दिलं होतं. मी एकटी आहे असं पाहून त्याने सुई थांबवली.

"बाई, तुम्ही शिकलेल्या," तो म्हणाला. "तो डॉक्टर डोकं हातात घेऊन बघेल, तर त्याला कळेल काय, कशानं झालं ते?"

मी म्हटलं, डॉक्टर आहे, कळतच असेल. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा सुई चालवायला लागला. 

परत येताना मी ह्यांना सांगितलं, चोर सापडला. ज्याच्या निष्काळजीपणाने झालं त्याला ती जखम पुन्हा उकरलेली नकोय.

हे म्हणाले, "तीस वर्षं सगळी वस्ती त्याला तेच ऐकवतेय, शालन. डॉक्टरने आणखी एकदा सांगितलं तर त्याचं काय बिघडणार आहे? त्याला भीती वेगळीच आहे."

४

ठाण्यात ह्यांच्या ओळखीचे एक वयस्कर सर्जन होते. पोलिसांच्या केसेसमध्ये जळलेली, कापलेली माणसं तपासण्यातच त्यांची सगळी नोकरी झालेली. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर आम्ही सगुणाला तिथे नेलं. तिने आत गेल्या गेल्या स्वतःच पदर काढला.

डॉक्टरांनी बोटांनी कडा चाचपल्या, मान वळवून मागच्या त्या जिभा पाहिल्या. मग विचारलं, "यंत्रात केस अडकले असं कोण म्हणतं?"

"सगळेच," सगुणा म्हणाली.

डॉक्टर म्हणाले की यंत्राने ओढलेली कातडी एका तुकड्यात निघते, कडा सरळ राहते. ही कडा तशी नाही. वर रुंद आणि खाली ओघळत गेलेली. हे उकळतं काहीतरी डोक्यावर सांडून झालेलं आहे.

सगुणाने पदर परत डोक्यावर घेतला. मग तिने विचारलं, "भाजलेलं असेल तर केस लागतात का?"

कमी लागतील, डॉक्टर म्हणाले, काही धरतील, काही जातील.

"मग लागतील तेवढे," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर मात्र ती रस्त्यातच थांबली. तिला लहानपणीचं एकच आठवत होतं. दामूदादा तिला खांद्यावर टाकून पळतोय आणि रडतोय. "मी त्याला तीस वर्षं काही बोलले नाही," ती म्हणाली, "पण मी त्याला मनातून सोडलं पण नाही कधी. दिवाळीला त्याला ओवाळताना पण माझ्या डोक्यात तेच असायचं. भाऊजी, तो खोटं का बोलला?"

"ते त्यालाच विचारू," हे म्हणाले. "उद्या सगळ्यांना घरी थांबवा."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे हॉलमध्ये बसले. ह्यांनी पोलिसी आवाज काढला नाही. एवढंच म्हणाले की पासपोर्ट घरातल्याच कुणी घेतलाय, मला तो हवाय, शिक्षा कुणाला करायची नाही.

 मग दाराजवळ बसलेला दामाजी उभा राहिला.

"मी घेतला," तो म्हणाला.

धाकूच्या तोंडून शिवी निघाली. सगुणा भावाकडे बघत राहिली. मला आत कुठेतरी वाईट वाटलं, पण बरोबर निघाल्याचं समाधानही वाटलं. हे मात्र शांतपणे विचारत गेले.

"कुठून घेतला?"

"तिच्या पेटीतून."

"तिकीट होतं त्याच्याबरोबर. त्याचं काय केलंत?"

"दोन्ही खाडीत टाकलं."

ह्यांनी सगुणाला खूण केली. ती उठली आणि तिने देवीच्या तसबिरीमागून पिशवी काढली. पिशवीतून तिकीट काढून सगळ्यांसमोर धरलं. दामाजी त्या तिकिटाकडे बघतच राहिला.

"पासपोर्ट पेटीत नव्हता, तुम्ही तो पाहिलासुद्धा नाही," हे म्हणाले. "दामाजी, न केलेला गुन्हा तुम्ही दुसऱ्यांदा अंगावर घेताय. पहिल्या वेळी चौदा वर्षांचे होतात, तेव्हा तुमचं म्हणणं कुणी तपासलं नाही."

मग ह्यांनी सगळं उलगडून सांगितलं. सगुणा जाणार हे घराला सहा महिने माहीत होतं. पासपोर्ट आला, तिकीट आलं, तेव्हा काही झालं नाही. धाकूला लोकांच्या हसण्यामुळे चोरायचा असता तर पासपोर्ट तेव्हाच गेला असता. चोरी झाली ती डॉक्टरने जखम कशाची असं विचारल्यावर. म्हणजे चोराला तिचं जाणं नको होतं असं नाही, त्याला ती जखम कुणाला दाखवायला नको होती. तसबिरीमागे पिशवी सापडू शकते ती रोज तसबीर पुसणाऱ्यालाच. पूजा दोघीच करतात. सरस्वतीला वाचता येतं. तिला जाणं मोडायचंच असतं तर तिने पिशवीच उचलली असती. इथे वाचता न येणाऱ्याने उचलावं तसं, ज्याच्यावर फोटो होता तेवढंच गेलं आणि छापील कागद जागेवर राहिले. सरस्वती त्या अपघाताच्या वेळी ह्या घरात आलेलीही नव्हती. आणि दामाजी जिच्यासाठी सगळी वस्ती अंगावर घेईल असं ह्या घरात एकच माणूस आहे.

पुढे नाव घ्यावं लागलं नाही. चंद्रभागाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. सुक्या बोंबलांच्या डब्यात हात घालून त्यांनी पासपोर्ट काढला आणि सगुणाच्या पुढ्यात ठेवला.

"फाडला नाय," त्या म्हणाल्या. "मना फाडवला नाय."

ती गोष्ट त्यांनी भिंतीकडे बघत सांगितली. तेव्हा सुताची जाळी असायची. ऐनाच्या झाडाची साल मोठ्या टोपात उकळायची आणि त्या पाण्यात जाळी बुडवायची, म्हणजे टिकत. टोप उतरवताना हात सुटला. पोर मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. नवरा दारू पिऊन रोज मारायचा. पोरीला काही झालं तर तुझं मढं खाडीत टाकीन, असं आधीच म्हणालेला. दामाजी यंत्रावरून धावत आला, पोरीला उचलून डॉक्टरकडे पळाला आणि संध्याकाळी बापासमोर उभा राहून म्हणाला, माझ्या यंत्रात गेली. त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

"बाप मेल्यावर सांगायचं होतं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पण तवर सगळ्यांनी ह्याला वाळीत टाकलेला. मग कोणच्या तोंडानं सांगू?"

दामाजी म्हणाला, जाऊ दे आता, मला सवय झालीय.

"तुला झाली असेल," सगुणा म्हणाली. ती आईसमोर जाऊन बसली. तिचा आवाज चढला नाही. ट्रंक बोर्डावर ती बोलायची तसाच स्पष्ट होता. "आई, तेव्हा तुझा हात सुटला, तो काही तू मुद्दाम सोडला नाहीस. त्याचं मी काही म्हणणार नाही. पण पासपोर्ट हातातून सुटत नाही. तो तू घेतलास. दादाला परत पुढं होताना बघितलंस आणि परत गप्प बसलीस. हे मला सोडवत नाही."

चंद्रभागाबाईंनी भिंतीकडची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"मी जाणार," सगुणा म्हणाली. "आणि डॉक्टरला खरं काय ते सांगणार. इथं काय सांगायचं ते तू ठरव."

६

चंद्रभागाबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं. मार्केट भरलं होतं, सरस्वती बाजूला बसली होती, तिनेच नंतर मला सांगितलं. गिऱ्हाइकाचा पापलेट कापता कापता त्या शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या की माझ्या पोरीचे केस माझ्या हातून गेले, दामाजीचा त्यात काही दोष नाही, आणि ज्यांनी त्याला पोरगी नाकारली त्यांनी ऐकून घ्या.  त्यांनी पापलेट कापून पुरा केला आणि गिऱ्हाइकाला दिला.

धाकू निवडणूक हरला. त्याचं म्हणणं ह्या भानगडीमुळे हरला, पण सरस्वती म्हणते तो तसाही हरणारच होता. त्यानंतर एका पहाटे तो थोरल्या भावाला न विचारता हाताला धरून होडीवर घेऊन गेला. दामाजीला खाडीच्या तोंडाशी उलट्या झाल्या आणि धाकू पोट धरून हसला. दोघं अजूनही फारसं बोलत नाहीत, पण रोज एकत्र जातात.

सगुणाला विमानतळावर सोडायला मी आणि हे गेलो होतो. आत जायच्या आधी एका बाईने तिला सहज विचारलं, सिंगापूरला काय, नातेवाईक का? सगुणा म्हणाली, "नाही. केस लावून घ्यायला." बाईने तिच्याकडे आणि मग ह्यांच्या डोक्याकडे पाहिलं. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, मी फक्त पोचवायला आलोय.

केस आले. पण मासिकातल्या फोटोसारखे नाही. भाजलेल्या कातडीने निम्म्याहून जास्त सोडून दिले. टाळूवर विरळ आले, कानावर थोडे दाट, तेही जरा कुरळे. एक्स्चेंजमध्ये एकीने तिला तोंडावर विचारलं की एवढ्यासाठी एवढ्या लांब गेलीस? सगुणा म्हणाली, होय, आणि उरलेल्यांसाठी परत जाणार आहे. तिने माझ्याकडे पुढच्या वर्षीची रजा तेव्हाच मागून ठेवली.

मधे एका रविवारी मी कळव्याला गेलेले. सगुणा ओट्यावर उन्हात बसली होती, नवे केस मोकळे सोडून. चंद्रभागाबाई वाटीत खोबरेल कोमट करून घेऊन आल्या आणि तिच्या मागे बसल्या. त्यांनी बोटं तेलात बुडवली आणि थांबल्या.

सगुणाने मागे वळून त्यांच्या हातातली वाटी घेतली.

"केस माझे आहेत," ती म्हणाली. "तेल मीच लावणार. तू बस इथं, बघ."

त्या पुढे येऊन बसल्या.